मोकळ्या खुर्च्या

आज सकाळी गंगापूर रोडला मिसळ खात होतो, समोर टीव्हीवर हॉकी इंडिया लीगची कुठलीतरी जुनी मॅच लागलेली. कॅमेरा स्टँडकडे वळला तर नुसत्या खुर्च्या. पाव घेऊन आलेला पोरगा दोन सेकंद बघतो आणि म्हणतो, "दादा, प्रॅक्टिस चाललीय का?"

हसलो, पण तर्रीपेक्षा ते वाक्यच जास्त झोंबलं राव.

२०१३ ला लीग सुरू झाली तेव्हा आपल्या मुंबईची टीम होती, मुंबई मॅजिशियन्स, चर्चगेटच्या महिंद्रा स्टेडियमवर खेळायची, दोन सीझनमध्येच गाशा गुंडाळला. मग दबंग मुंबई आली, २०१७ ची फायनलपण खेळली, आणि त्यानंतर लीगच बंद, ती उगवली थेट २०२४ च्या डिसेंबरात. खेळाडूंचे पैसे, प्रवास, हॉटेल सगळं मालकाच्या खिशातून आणि तिकीट खिडकीवर माशा, मग स्पॉन्सर तरी किती दिवस खुर्च्यांना जाहिराती दाखवणार?

अर्थात मी कोण बोलणारा म्हणा. ऑलिम्पिकच्या ब्राँझला (टोकियो, पॅरिस, दोन्ही वेळेला) तिरंगावालं स्टेटस ठेवलेलं, पण तिकीट काढून हॉकी आयुष्यात एकदाही नाही पाहिली. तुमच्यापैकी कोणी पाहिलीय का?