नुसता रंग मारून देता का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, कारण रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपला होतो म्हटलं की लग्नकार्यात, गाडीत, सोसायटीत हाच प्रश्न येतो, की स्लीपरचे डबे तुमच्याकडे येतात ते खरंच दुरुस्त होतात की रंग फासून परत पाठवता?

रंग सगळ्यात शेवटी हो. मेल-एक्सप्रेसचा आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) निळा डबा साधारण 18 महिन्यांनी पीओएचला, म्हणजे ओव्हरहॉलिंगला यायचा, आणि आला की आधी बॉडी उचलून चाकांच्या ट्रॉल्या खालून काढायच्या. ट्रॉल्या वेगळ्या शॉपला, चाकं वेगळ्या शॉपला. नवं चाक 915 मिमी व्यासाचं असतं, घासून आणि लेथवर टर्न करून ते कमी होत जातं, 825 ला कंडम. अ‍ॅक्सलला आतून चीर नाही ना हे अल्ट्रासोनिकने बघतात, स्प्रिंगांवर लोड टाकून उंची मोजतात आणि जुळणाऱ्या स्प्रिंगाच एकत्र बसवतात, नाहीतर डबा एका बाजूला कलेल.

पण खरं काम बॉडीत, आणि मी जीव लावला तो त्याच कामावर. स्लीपरमध्ये 72 बर्थ, म्हणजे 72 माणसं (कागदावर, गर्दीच्या दिवसांत किती चढतात तुम्हाला माहीतच आहे), त्यांचं हातपाय धुणं, जेवणाचे डबे विसळणं, सांडलेला चहा, ते सगळं पाणी फ्लोअरिंगच्या फटीतून खाली जातं आणि खालच्या पत्र्याच्या पन्हळ्यांत साचून राहतं. त्यामुळे डबा सडतो तो संडासाजवळ आणि दाराजवळ. वरून चकाचक दिसेल, पण फ्लोअरिंग आणि प्लाय उचलून हातोडी मारली की कळतं, चांगला पत्रा खणखणतो आणि गंजलेला भद् वाजतो, कधी हातोडीबरोबर पापुद्रेच खाली येतात. मग सडकं कापायचं, पार सोलबारपर्यंत, म्हणजे डब्याच्या कडेच्या खालच्या लांब तुळईपर्यंत जावं लागलं तर तिथपर्यंत जायचं, कारण अख्ख्या डब्याचा भार त्यावर, आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. उताणं पडून, वरून ठिणग्या अंगावर घेत वेल्डिंग करणारी पोरं मी बघितलीत, त्यांचं काम पॅसेंजरला कधीच दिसत नाही कारण वर परत फ्लोअरिंग बसतं. मला याचं अजून वाईट वाटतं.

बाकी रेक्झिन, पंखे, मिडल बर्थच्या साखळ्या हे होतंच. ब्रेक टेस्ट झाल्याशिवाय डबा बाहेर जात नाही. अर्ध्या वयात काही डबे भोपाळला निशातपुऱ्याच्या कारखान्यात जातात, तिथे आतलं सगळं नव्याने होतं.

पुढच्या वेळी गाडीत चढण्याआधी डब्याच्या टोकाच्या भिंतीवर बघा, पीओएच कधी झालं, कुठल्या वर्कशॉपला झालं आणि परत कधी यायचंय ते लिहिलेलं असतं.

आणि 25 वर्षं झाली की सगळंच भंगारात जातं असंही नाही. सीएसएमटीला 2021 मध्ये जुन्या डब्याचं हॉटेल झालं, छान आहे, नातवंडांना न्या. पण मला जास्त आवडतात ते एनएमजी, म्हणजे मोटारी वाहून न्यायचे मालडबे झालेले डबे, खिडक्यांवर पत्रा ठोकून, बर्थ काढून, टोकाची भिंत उघडेल अशी करून आत नव्या मोटारी भरतात आणि तो डबा परत देशभर धावतो.