एल्बो तसाच राहिला

छपराच्या पन्हळी मी जमिनीवर उभं राहूनच साफ करतो. एकात एक बसणारे लांब दांडे, टोकाला वाकडं तोंड, खाली पाणी ओढणारा व्हॅक्युम आणि दांड्यालाच लावलेला छोटा कॅमेरा. आधी आजूबाजूला विजेच्या तारा बघायच्या, कारण कार्बन फायबरच्या दांड्यातूनही वीज वाहते आणि हे कित्येकांच्या गावीही नसतं.

लोकांना वाटतं, नळी लावली की गाळ येतो. पण साध्या व्हॅक्युमचा जोर पाण्याचा सलग स्तंभ जेमतेम दोन मीटर पेलतो आणि दुमजली घराची पन्हळ त्याच्या दुपटीहून उंच असते. म्हणून तोंड पाण्यात बुडवायचं नाही. जरा टेकवायचं, उचलायचं, सोबत हवा घेऊ द्यायची. मग राड हवेच्या वेगानं तुकड्यातुकड्यांनी खाली येते. नळीचा आवाज बदलला की हात आपोआप वर जातो. ही सवय मी मेहनतीनं लावून घेतली आहे.

त्या दिवशी घरमालक काकांनी शिडी थेट पन्हळीलाच टेकवून ठेवली होती. "एल्बोत थोडं अडकलंय. वर चढून हात घाला, आधीचा माणूस तसंच करायचा." एल्बो म्हणजे पन्हळीतून उभ्या पाइपात उतरणारं वळण.

त्यानं केलेलं काम कॅमेऱ्यात दिसलं. फवारा मारून सगळा पालापाचोळा उभ्या पाइपात ढकलून दिलेला. याला मी सफाई म्हणत नाही. पन्हळ स्वच्छ दिसते आणि पाणी भिंतीत मुरतं. मी पाइपचा तळाचा तुकडा सोडवला, आकड्यानं खालून बराच लगदा ओढून काढला. वरचा एल्बो मात्र काही केल्या मोकळा होईना.

मग कॅमेरा शिडीच्या टोकाशी नेला. वळचणीच्या फळीचा रंग शाबूत होता, पण त्यावर पन्हळ धरणाऱ्या ब्रॅकेटचे स्क्रू अर्धे बाहेर आलेले आणि भोवतालचं लाकूड काळं, भुसभुशीत. १२५ मिलिमीटरच्या अर्धगोल पन्हळीत मीटरमागे सुमारे ६ लिटर पाणी मावतं. १० मीटर तुंबली तर ६० किलो लटकतात. शिडीवरच्या माणसाचा काही भारही त्याच फळीवर येणार होता.

काकांना फोटो दाखवला. "इतकी वर्षं मीही चढतोय की," ते म्हणाले. मी शिडी खाली घेतली, आधी फळी बदला, एल्बोचं काम परांची बांधून करा, असं सांगितलं. काम अर्धं टाकलं म्हणून ते नाराज झाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. जमिनीवरून सगळं होतं असं सांगून यंत्रं विकणाऱ्यांचा मला याच कारणानं राग येतो.

माझा जोडीदार म्हणतो, भिंतीवर टेकणारा आधार शिडीला लावून, ती बांधून, एकानं खाली धरून ते करता आलं असतं. करता आलं असतं, खरंच. पण मी चढलो असतो तर पुढच्या पानगळीला काका चढले असते, तेही एकटेच. आता एल्बो तुंबलेलाच आहे, म्हणजे ते त्याआधीच चढतील, ही भीती आहेच. फळीचे फोटो त्यांच्या मुलीला पाठवलेत. सुतार कधी येणार, ते तिनं अजून कळवलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करतो.