नाव नसलेली जागा

आमच्या मजल्यावरच्या आजी सप्टेंबरच्या सुरुवातीला गेल्या. 'आजी' मी मनातल्या मनात म्हणायचे. तोंडाने नावानेच हाक मारायची, स्टॉकहोममध्ये लहानथोर सगळ्यांना तशीच मारतात. अंत्यविधी तीन आठवड्यांनी झाला. इथे कायद्याने महिन्याभराची मुदत असते. आपल्याकडे सगळं एका दिवसात उरकतं, त्यामुळे रोज त्यांच्या बंद दारावरून जाणं मला फार जड गेलं.

विधीनंतर त्यांच्या लेकीला विचारलं, 'रक्षा कधी ठेवणार? मी येऊ का?'

'मीसुद्धा नसणार,' ती म्हणाली. 'आईने मिन्नेसलुंड निवडलंय.'

मिन्नेसलुंड म्हणजे स्मृतिवन. रक्षा दफनभूमीचे कर्मचारी नेतात आणि मातीच्या स्वाधीन करतात. घरचं कुणी हजर नसतं, नेमकी जागा कुणाला सांगत नाहीत. अमुक दिवशी झालं, एवढं नंतर कळवतात. दगड नाही, नाव नाही. फुलं आणि मेणबत्त्या सगळ्यांसाठी ठरवलेल्या एकाच जागी ठेवायच्या.

ऐकून पोटात कालवलं. बाबांच्या अस्थी आम्ही नाशिकला रामकुंडात सोडल्या. तिथेही जागा उरत नाहीच, पाणी सगळं घेऊन जातं. पण सोडणारे हात आमचे होते. आजींच्या लेकीला तेवढंही नाही? मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, कबर म्हटली की कुणीतरी यायचं, गवत काढायचं, रोपं लावायची. आपल्यापायी कुणाचे रविवार अडकू नयेत, असं आईचं म्हणणं होतं. चाळीस वर्षं परिचारिका म्हणून राबलेली ही बाई. स्वतःला कमी लेखणारी नव्हती, चुकलेल्याला तोंडावर सांगायची. तिची नम्रता म्हणजे दुसऱ्याचा भार हलका करणं, हे मला तेव्हा उमगलं.

ही दफनभूमी म्हणजे शहराच्या दक्षिणेचं स्कूग्सशिर्कोगोर्देन. 1915 मध्ये स्पर्धा घेऊन गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्द लेवेरेन्त्स या दोन तरुण वास्तुकारांकडे हे काम दिलं गेलं. 1994 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पाइनची उंच झाडं आणि त्यांच्या पायाशी बुटके दगड, कुणाचाच फार मोठा नाही. हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेटा गार्बो 1990 मध्ये न्यूयॉर्कला वारली, तिची रक्षा 1999 मध्ये इथे आणली. जगाने ओळखलेल्या त्या बाईच्या दगडावर फक्त तिची सही आहे. आस्प्लुंडही इथेच आहे. मी त्या दगडांपाशी बराच वेळ उभी राहिले, पण पाय वळले ते स्मृतिवनाकडे.

तिथे बाबांची फार आठवण झाली. गावच्या देवळाच्या वर्गणीत ते स्वतःचं नाव लिहू द्यायचे नाहीत. 'एक भाविक लिहा' म्हणायचे. ते गेल्यावर आम्ही त्याच देवळाला बाक दिलं आणि त्यावर ठळक अक्षरांत 'कै.' लावून त्यांचं पूर्ण नाव कोरून घेतलं. दुःखात होतो, मायेनेच केलं, पण त्यांच्या मनाविरुद्ध केलं. हे मी भावाला अजून बोललेले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, सर्व संतांच्या दिवशी, मेणबत्ती घेऊन पुन्हा गेले. चारलाच अंधारून आलं होतं. सगळ्या वनात दिवे लागले होते, माणसं हळू आवाजात बोलत होती. स्मृतिवनाच्या सामाईक जागेवर मी माझी मेणबत्ती ठेवली, दोन पावलं मागे सरले आणि त्या गर्दीत ती कुठली हे मला ओळखता येईना.

रात्री आईचा फोन आला. 'आजींचा दिवा कुठे लावलास गं?'

'सगळ्यांच्यात,' मी म्हटलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'यांनाही तेच आवडलं असतं.'