आमची वाटचाल : डिचोलीचा तबेला

पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स असा घोड्यांबरोबर मुक्काम हलवीत मी रेसच्या एका ट्रेनरच्या हाताखाली उमेदवारी केली. गोव्यात रेसकोर्स नाही; तरीही शर्यतीतून उतरलेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे, आणून, त्यांना नव्याने शिकवून त्यांच्यावर स्वारीचे वर्ग चालवण्याचा व्यवसाय 2009 साली मी आपल्या डिचोलीत सुरू केला. सोळाव्या शतकात गोव्याच्या बंदरातून अरबी घोडे विजयनगरला जात असत खरे, पण आमच्या गावाला ठाऊक होता तो शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचात कमरेला बांधायचा लाकडी घोडा, आणि त्याला चंदी, म्हणजे दाणा, लागत नाही. जिवंत घोडा एवढे का खातो, हे बँकेच्या साहेबांना पटवण्यातच पहिले वर्ष सरले.

पुण्याहून आमच्याबरोबर भागीदारीत आलेले नालबंद चाचा आपली सांडशी, खूरचाकू आणि कानस घेऊनच आले. कानशीची मूठ त्यांच्या तळव्याच्या घडणीने झिजली होती आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. थरोब्रेडच्या खुराची भिंत पातळ. शर्यतीची ॲल्युमिनियमची नाल उतरवून लोखंडी ठोकताना खिळा केसभर आत गेला, तरी घोडा लंगडतो. म्हणून प्रत्येक ठोक्याचा आवाज ते मान तिरकी करून ऐकत, आणि आवाज बदलला की खिळा तिथेच उपसून काढीत.

2019 च्या पावसाळ्यात तबेल्याची जमीन सुकलीच नाही. बहुतेक घोड्यांच्या फ्रॉगच्या, म्हणजे खुराच्या तळव्यावरच्या त्रिकोणी गादीच्या, खाचांतून काळा, कुजका पाझर सुरू झाला, काहींच्या भिंतीही फुटल्या. मोरचुदाचे पाणी, लाकडाचा कोरडा भुसा, दोन वेळा खुरांची सफाई, सारे केले. पण खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे बिघडलेली भिंत नव्याने उतरायला वर्ष लागते आणि तोवर स्वारी बंद, उत्पन्न बंद. नेमकी हीच वेळ साधून किनाऱ्याकडच्या एका व्यावसायिकाने आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी फोन करून ‘डिचोलीचे घोडे सडले’ असे सांगितले, अर्धे वर्ग आपल्याकडे ओढले आणि आमचा जुना मोतद्दारही, म्हणजे घोडे सांभाळणारा गडीही, जादा पगारावर नेला. त्याचे स्वतःचे घोडे तेव्हा वरातींत, फटाक्यांच्या आवाजात, डांबरी रस्त्यावर उभे होते, याची चौकशी एकाही पालकाने केली नाही.

सावरतो आहोत तोच मार्च 2020 चा लॉकडाऊन आला. त्या काळात म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीची वर्षभराची फी आगाऊ भरली, तीही बसायला एकही घोडा धड नसताना, आणि त्याच पैशांतून चंदीची उधारी फिटली. पुढची वर्षे बरी गेली.

घोडा घेऊ पाहणाऱ्यांना न विचारता सांगतो : वंशावळीचा कागद नंतर वाचा, आधी पुढच्या पायांचे टेंडन, म्हणजे नळीमागच्या दोरीसारख्या शिरा, हाताने चाचपा, एक दुसऱ्यापेक्षा गरम किंवा जाड लागले, तर दलालाचे पुढचे बोलणे ऐकूच नका. शर्यतीतून आलेल्याचे ओट्स एकदम तोडू नका, आठ-दहा दिवसांत उतरवा. कारण घोड्याला उलटी होत नाही, आणि आमचा अनुभव असा की पोटशूळ नेहमी रात्रीच उठतो.

त्या व्यावसायिकाचे घोडे हल्ली नाल ठोकायला आमच्याकडेच येतात. गेल्या मोसमाचे बिल त्याने अजून चुकते केलेले नाही.