युनोसच्या स्टिअरिंगचं चींचीं प्रकरण: शेवटी सापडलं (एक नाही, दोन)

मागच्या वेळी लिहिलं होतं की गाडी आता एकदम शांत झालीये. मंडळी, ते मागे घेतो. चार दिवस शांत होती, पाचव्या दिवशी सकाळी इथल्या, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या ओल्या थंडीत ड्राइव्हवेतून रिव्हर्स घेताना परत चींऽऽ, तेही आधीपेक्षा खणखणीत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: गाडी १९९० ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानमध्ये विकलेली पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ (दोन सीटची, उघड्या टपाची छोटी गाडी), त्यातलं व्ही स्पेशल मॉडेल. तो गडद हिरवा रंग, टॅन लेदर आणि नार्डी कंपनीचं लाकडी स्टिअरिंग. या मॉडेलला एअरबॅग नाही, हे पुढे महत्त्वाचं आहे. आणि ज्या गाडीची ओळखच मुळी घोडा आणि स्वार एकजीव, अशी माझ्दाने करून दिली, तिच्या लगामातूनच आवाज येत असेल तर डोकं जातं हो. रेडिओ लावून विसरता येत नाही, कारण हात तिथेच असतात.

आधी माझ्या चुका सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिली चूक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आवाज येतो म्हणजे पॉवर स्टिअरिंगच, असं धरून चाललो. बेल्ट बदलला, जुनं काळं पडलेलं फ्लुइड काढून नवीन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, पॉवर स्टिअरिंगलाही तेच लागतं) भरलं, अर्धा शनिवार गेला, आवाज जसाच्या तसा. मग एका गॅरेजमध्ये दाखवली तर तिथल्या माणसाने दोन मिनिटं स्टिअरिंग हलवून सांगितलं की स्ट्रट माउंट गेलेत, दोन्ही बाजूचे बदला. आता हे साध्या हॅचबॅकला बरोबर आहे, तिथे मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि चाक वळलं की आख्खा स्ट्रट वरच्या बेअरिंगवर फिरतो, ते बेअरिंग सुकलं की कुरकुरतं. पण एमएक्स-५ ला चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे चाक वरखाली दोन आडव्या हातांनी धरलेलं! शॉकचं वरचं टोक स्टिअरिंगबरोबर फिरतच नाही, मग ते चींचीं कसं करेल? थँक्यू म्हटलं आणि निघालो. एवढं एक बरं झालं.

मग रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉल चालू होता, फोन डॅशवर ठेवून त्यांनाच आवाज ऐकवला. बाबा मिरजेचे, गाड्यांमधलं त्यांना स्कूटरच्या पुढे फारसं कळत नाही, पण म्हणाले, "अरे, तू भोपळ्याला कान लावून बसलायस. तार कुठंय ते बघ की." मिरजेत तंबोऱ्याची दुकानं बघत मोठा झालेला माणूस दुसरं काय म्हणणार, पण बोलले ते शंभर टक्के खरं. स्टिअरिंग कॉलम म्हणजे लांब पोकळ नळी, खाली कुठेही घासलं तरी आवाज वर स्टिअरिंगमधूनच आल्यासारखा वाटतो.

म्हणून सगळं पहिल्यापासून, आणि इंजिन बंद ठेवून. किल्ली फक्त लॉक सुटेल एवढी फिरवायची आणि स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवायचं. इंजिन बंद असतानाही आवाज येत होता, म्हणजे पंप आणि बेल्ट तिथेच सुटले (हे मी पहिल्या दिवशी केलं असतं तर बेल्टचे पैसे आणि अर्धा शनिवार वाचला असता, असो). मग पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, चाकं हवेत. बॉल जॉइंट किंवा रॅकचा दोष असेल तर वजन काढल्यावर आवाज बदलायला हवा ना, तो अजिबात बदलला नाही. म्हणजे चाकांकडे जायची गरजच नाही, भानगड कॉलममध्येच.

पुढची स्टेप दोन माणसांची. लेकीला सीटवर बसवलं आणि मी पॅडलखाली डोकं घालून, पाय सीटच्या पाठीवरून बाहेर, अशा अवस्थेत. ज्यांची ही गाडी आहे त्यांना ते आसन माहितीये. हातात बागेतल्या पाइपचा मीटरभर तुकडा, एक टोक कानाला, दुसरं टोक कॉलमवर इकडेतिकडे फिरवत. "बाबा, अजून किती वेळ फिरवू?" "फिरव गं, थांबू नकोस." आणि पाइप फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेला तर कानात अक्षरशः कोणीतरी ओला फुगा चोळतंय! कॉलमचा शाफ्ट फायरवॉलमधून इंजिनच्या बाजूला जातो तिथे धूळपाणी आत येऊ नये म्हणून रबरी बूट असतो, त्याची कड शाफ्टला घट्ट धरून बसते. ती पस्तीसेक वर्षांत पार सुकलेली. प्लॅस्टिकच्या बोथट पट्टीने कड उलटी केली तर आत शाफ्टवर करंगळीएवढा तांबूस गंजाचा पट्टा आणि रबर त्या जागी काचेसारखं चकाकतंय.

मागच्या वेळी मी इथेच अंदाजाने डब्ल्यूडी-४० मारलं होतं, म्हणून ते चार दिवस शांत. ते उडून गेलं आणि जातानाच उरलंसुरलं ग्रीसही घेऊन गेलं. यावेळी गंज बारीक स्क्रबरने पुसला, रबर साबणाच्या पाण्याने साफ केलं, आणि सिलिकॉन ग्रीस बोटाने आतल्या कडेला सगळीकडून लावलं. साधं पेट्रोलियमवालं ग्रीस रबराला नको, बरीच रबरं त्याने फुगतात आणि मऊ पडतात. चींचीं गायब.

आणि ती गेल्यावर तिच्याखाली दडलेलं दुसरं ऐकू यायला लागलं. खर्र... खर्र... दर फेरीला साधारण एकाच जागी. पाइप लावला तर हे मात्र खरंच वर, स्टिअरिंगच्या मागे.

इथे एअरबॅग नसल्याचा फायदा. (तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर माझं बघून काही उघडू नका, आधी मॅन्युअल वाचा.) बॅटरी काढली, नार्डीचं हॉर्नचं बटण हलक्या हाताने उचकटलं, आत २१ चा नट. नट पूर्ण काढायचा नाही, शेवटच्या दोनतीन आट्यांवर ठेवायचा आणि मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढायचं, नाहीतर ते एकदम सुटून सरळ नाकावर येतं. माझं नाक वाचलं ते नटामुळेच. काढायच्या आधी शाफ्ट आणि बॉसवर (स्टिअरिंगचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) मार्करने एक रेघ मारली, परत त्याच जागी बसावं म्हणून.

बॉसच्या मागे पितळी रिंग असते, तिच्यावर स्प्रिंगचा एक छोटा कॉन्टॅक्ट घासत राहतो, हॉर्नचा करंट तिथून जातो. रिंगवर काजळासारखा काळा चिकट थर, आणि एका ठिकाणी चर पडलेला, नखाला लागत होता. खर्र तिथेच. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने चराची धार मारली, कॉन्टॅक्ट क्लीनरने सगळं धुतलं, आणि त्या धुण्यात माझी मार्करची रेघपण धुऊन टाकली. हुशारी.

अंदाजाने बसवलं, बाहेर चक्कर मारली, आवाज शून्य, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग शाफ्टच्या दात्यांवर एक दात डावीकडे. शिवाय हॉर्न वाजेना! मी रिंगला डायइलेक्ट्रिक ग्रीस थापलं होतं, लोण्यासारखं. ते मुळात करंट वाहून नेतच नाही, अगदी पातळ हात फिरवला तर कॉन्टॅक्ट त्यातून आरपार टेकतो, थापलं तर नाही. आणि हॉर्न एमओटीमध्ये (इथली गाडीची वार्षिक तपासणी) तपासतात, म्हणून सोडून देऊन चालणार नव्हतं. परत सगळं उघडलं, ग्रीस पुसून नावापुरतं ठेवलं, एक दात उजवीकडे, नट टॉर्क रेंचने ४५ न्यूटन मीटरला आवळला. मॅन्युअलमध्ये ३९ ते ४९ आहे. यावेळी रेघ पंचने ठोकली.

हॉर्न वाजवून बघितला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, समोरच्या आजींनी पडदा बाजूला केला, मी हात केला.

आता तीन आठवडे आणि चार पावसाळी सकाळी झाल्यात, दोन्ही आवाज नाहीत. इंडिकेटर डावीकडून परत येताना जरा उशिरा पडतोय, ते बहुतेक मी कव्हर बसवताना कॅन्सलिंगच्या कॅमला (वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारा भाग) धक्का दिला म्हणून. पाच स्क्रू काढून बघावं लागेल, पण पाऊस थांबल्यावर. बुटाचे फोटो कोणाला हवे असतील तर सांगा, पाइप कानाला लावलेला माझा फोटो लेकीकडे आहे, तो ती देणार नाही म्हणतेय फुकट.