मिठाच्या रस्त्यांवरची सॉमिल : या हिवाळ्यातलं काम कुठवर आलं

गेल्या शरदात हाती घेतलेलं गंज रोखण्याचं काम आता सांगण्याजोगं झालं आहे. पहिल्यांदाच वाचत असाल तर थोडक्यात ओळख: ट्रेलरवर बसवलेली छोटी बँडसॉ मिल (पट्टीच्या करवतीने ओंडक्यांच्या फळ्या काढणारं यंत्र), पेट्रोल इंजिन, एकच अ‍ॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि चौकोनी पोकळ नळ्यांची फ्रेम. मुक्काम मिशिगनच्या आग्नेय कोपऱ्यात, अ‍ॅन आर्बरच्या बाहेर.

हिवाळ्यातच मिल बाहेर का काढतोस, असं टेक्सास-कॅलिफोर्नियातले सोबती विचारतात. आमच्याकडे ओंडके कापायचा खरा हंगाम तोच असतो. जमीन गोठलेली असते, त्यामुळे ट्रॅक्टर कुणाच्या आवारात नेला तरी चाकोऱ्या पडत नाहीत. ओंडके चिखलात न लोळता येतात, म्हणून सालीत माती नसते आणि पट्टीची धार टिकते. शिवाय अ‍ॅशची झाडं. पाचूच्या रंगाचा तो भुंगेरा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला तो २००२ साली, आमच्याच डेट्रॉइट परिसरात. तेव्हापासून इथले मोठे अ‍ॅश एकामागून एक मेले. दोन फूट व्यासाचा, दहा फूट लांबीचा ओंडका अर्ध्या टनाहून जड भरतो. तो माझ्याकडे आणण्यापेक्षा मिल त्याच्याकडे नेणं केव्हाही सोपं. म्हणजे डिसेंबर ते मार्च मिल रस्त्यावर, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ.

ऑक्टोबर : आधी शत्रू ओळखला

डेट्रॉइट शहराखाली साधारण १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे. पलीकडे कॅनडातल्या ऑन्टारियोत गोडरिचची खाण तर लेक ह्युरॉनच्या तळाखाली, सुमारे ५५० मीटर खोल. प्राचीन समुद्र आटून राहिलेलं हे मीठ, मुख्यतः सोडियम क्लोराइड. ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत बर्फ वितळवू शकतं, पण व्यवहारात उणे ९-१० च्या खाली फारच मंदावतं. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण वापरतात. वादळाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, ते सुमारे २३ टक्क्यांचं मिठाचं पाणी असतं.

आपल्या लोखंडासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि एका ठरावीक आर्द्रतेच्या वर स्वतःच पाणी होतो. साध्या मिठाची ही मर्यादा सुमारे ७५ टक्के. मॅग्नेशियम क्लोराइडची जेमतेम ३३, आणि कॅल्शियम क्लोराइडची त्याच्याच आसपास. म्हणजे साधं मीठ कोरड्या दिवशी निदान शांत बसतं. हे दुसरे दोघे मात्र आपल्याला कोरडं वाटणाऱ्या हवेतही धातूवर ओला थर धरून ठेवतात. त्या थरातून वीज सहज वाहते आणि त्यातले क्लोराइड आयन लोखंडावरचं संरक्षक कवच फोडतात. कोकणात वाढलेल्यांना खाऱ्या हवेने खिडकीचे गज कसे खाल्ले जातात ते माहीत आहे. इथे तेच चाकांखालून, जोराने आणि कितीतरी घट्ट द्रावणाच्या रूपात अंगावर येतं.

यातून दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मिल उबदार गॅरेजमध्ये ठेवायची नाही. उणे १५ ला बाहेर उभ्या असलेल्या फ्रेमवर गंज जवळजवळ थांबलेला असतो. तीच फ्रेम बर्फाच्या चिखलासकट उबेत आणली की सगळं वितळतं, सांध्यांत झिरपतं आणि गंजाला हवी ती ऊब व ओल दोन्ही एकदम मिळतात. त्यामुळे मिल आता तीन बाजूंनी उघड्या, छप्पर असलेल्या शेडमध्ये उभी असते. दुसरी गोष्ट, झाकण्यापेक्षा निचऱ्याला मान द्यायचा आणि बाहेरच्या रंगापेक्षा आतल्या पोकळीकडे आधी बघायचं. पुढचं सगळं काम याच क्रमाने झालं.

नोव्हेंबर : फ्रेम

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

आधीच्या मालकाने फ्रेमच्या खालच्या बाजूला रबरासारखा जाड काळा लेप मारलेला होता. वरून तो झकास दिसायचा. हातोडीने ठोकत गेलो तेव्हा बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज आला, पण ट्रेलर गाडीला जोडायचा दांडा जिथे पुढच्या आडव्या नळीला मिळतो तिथे बद्द. हीट गन आणि खरवडणीने लेप काढला तर खाली नारिंगी पापुद्रे. असा लेप कडक होतो, कडेला सुटतो, मग खारं पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाटच उरत नाही. ट्रेलर घेताना खालचा भाग नवाकोरा काळा दिसला तर खूश होण्याआधी टोच्या घेऊन कडा उचकून बघा.

नशिबाने नळीची भिंत जाड होती. तारेचा ब्रश, मग पापुद्रे झडून उरलेल्या घट्ट गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं रूपांतरक (गंजाचं घट्ट काळ्या थरात रूपांतर करणारं द्रावण), मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. रूपांतरक सैल गंजावर मारू नका; वरचा थर काळा होतो आणि आत काम चालूच राहतं.

खरी लढाई आत होती. चौकोनी नळीची टोकं वेल्डने बंद दिसतात, पण तारांसाठी भोकं असतात, वेल्डमध्ये सुईएवढी छिद्रं असतात. पाणी शिरतं, निघत नाही. स्वस्तातला कॅमेरा, तो नळीत घालून फोनवर बघायचा, हे या वर्षातलं माझं सगळ्यात उपयोगी हत्यार. पुढच्या आडव्या नळीत खाली वाळू आणि मिठाचा लगदा बसला होता. प्रत्येक नळीच्या सर्वांत खोलगट टोकाला ८ मिलिमीटरचं भोक पाडलं. वेल्डपासून अंतर ठेवून, आणि स्प्रिंगच्या हँगरजवळ किंवा दांड्याच्या बुडाशी अजिबात नाही, कारण सगळा ताण तिथेच येतो. आतून भरपूर गोडं पाणी सोडलं, उलट्या बाजूने हवा मारत राहिलो, आणि आतून पूर्ण कोरडं झाल्यावर चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी घालून आत मेणाचा फवारा दिला. भोकातून मेण ठिबकलं की समजायचं आतपर्यंत पोचलं.

पूर्ण फ्रेम गॅल्वनाइज का केली नाही, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून तिला जस्ताचा थर का दिला नाही, असं कुणीतरी विचारणारच. जस्ताची टाकी साधारण ४५० अंश सेल्सिअसची असते. बंद पोकळी असलेली नळी त्यात बुडवली तर आत अडकलेली ओल वाफ होऊन स्फोट होऊ शकतो, म्हणून आधी मोठी भोकं पाडावी लागतात. ते जमलंही असतं. पण त्या उष्णतेने फ्रेम थोडी जरी पिळली तरी मिल संपली. आपली फळी सरळ निघते ती करवत ज्यांवरून सरकते ते फ्रेमवरचे रूळ सरळ आहेत म्हणून. साध्या सामानाच्या ट्रेलरला मी डोळे मिटून गॅल्वनाइज सुचवेन. मिलच्या फ्रेमला नाही. मडगार्ड, दिव्यांच्या पट्ट्या आणि उभा जॅक मात्र गॅल्वनाइज घेतले. नव्या जस्तावर कार्बोनेटचा टिकाऊ थर यायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि तोवर ते मिठाला कच्चं असतं, म्हणून पहिल्या हिवाळ्यात त्यांनाही तेल लावलंय.

नोव्हेंबरअखेर : तेल

फ्रेमच्या बाहेरून लॅनोलिनचा फवारा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. मी फ्लुइड फिल्म वापरतो. ती वाळत नाही, ओघळत ओघळत फटींत शिरते, आणि ओरखडा पडला तरी पुन्हा पसरून तो झाकते. हाच तिचा मोठा गुण. ऑन्टारियोत लंडनजवळचा माझा एक मित्र दर शरदात पातळ तेलाची फवारणी करून घेतो. ती आणखी आत शिरते, पण आठवडाभर ठिबकत राहते. दोन्ही पद्धतींना दरवर्षी पुन्हा हात द्यावाच लागतो. या चरबीने काही प्रकारचं रबर फुगतं, म्हणून टायर आणि स्प्रिंगचे रबरी बुश झाकून घ्या. ट्रेलरला ब्रेक असतील तर ड्रमवर एक थेंब जाता कामा नये. माझ्या ट्रेलरला ब्रेक नाहीत.

पाट्यांच्या स्प्रिंगांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दोन पाट्यांच्या मध्ये गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि पाटे एकमेकांपासून रेटतो. फ्रेम जॅकवर उचलून चाकं लोंबकळू दिली की पाटे जरा सुटतात; तेव्हाच मध्ये तेल सोडायचं. यू-बोल्टचे आटे मेणाने भरून टाकले.

बेअरिंग काढली, धुतली, तपासली, नव्या सीलसह ग्रीस भरून बसवली. स्प्रिंगवाल्या ग्रीस-टोप्या मी लावल्या नाहीत. त्या बोटीच्या ट्रेलरसाठी उत्तम, पण उत्साहाने जास्त ग्रीस दाबलं तर मागचं सील बाहेर ढकललं जातं आणि ते बाहेरून दिसत नाही.

डिसेंबर : मिठाची फवार मुळात येते कुठून

पहिल्याच खाऱ्या प्रवासानंतर मिल न धुता आधी निरखून पाहिली. सगळ्यात पांढरा थर होता दांड्यावर, पुढच्या आडव्या नळीवर आणि रुळांच्या पुढच्या टोकावर. म्हणजे मीठ मुख्यतः ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांतून उडतं. उपाय सरळ होता: गाडीच्या मागच्या चाकांना लांब मडफ्लॅप, आणि दांड्यावर आडवा, मागे कललेला जाड प्लास्टिकचा पत्रा. पुढच्या प्रवासात रुळांवरचा थर डोळ्यांना कळेल इतका कमी झाला. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

मिलवर पूर्ण ताडपत्री घालायचा सल्ला अनेकजण देतात. मला तो पटत नाही. ती फडफडून रंग खरवडते आणि आत ओल कोंडते. मी फक्त रूळ झाकतो. पीव्हीसी पाइप लांबीत एका बाजूने चिरला की तो रुळावर दाबून बसतो. पोचल्यावर लगेच काढायचा, रूळ पुसायचे, ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलाचा हात फिरवायचा. करवतीची पट्टी प्रवासात मिलवर ठेवत नाही. तेल लावून, गुंडाळून गाडीत. पट्टीवर सोडायच्या पाण्याऐवजी गाडीच्या काचेचं न गोठणारं पाणी भरतो, त्याने टाकी आणि नळी फुटत नाही.

दिवे. जुन्या जोडणीत परतीचा प्रवाह फ्रेममधूनच जात होता, आणि प्रत्येक गंजलेल्या बोल्टपाशी अडत होता. आता प्रत्येक दिव्याला स्वतंत्र परतीची तार आहे, बोटींसाठी मिळणारी कल्हई केलेली तांब्याची. सांधे आतून गोंद असलेल्या आकसणाऱ्या नळीचे. प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, आणि गाडीला जोडलेला नसताना प्लग लोंबकळत न ठेवता दांड्यावरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये.

जानेवारी-फेब्रुवारी : धुणं

दर फेरीनंतर लगेच धुणं मिशिगनमध्ये शक्य नसतं. तापमान शून्याच्या वर गेलं की त्या दिवशी धुतो, मग कामावरून यायला कितीही उशीर झालेला असो. भरपूर पाणी, कमी दाब, खालून वर. जोराची धार मीठ बेअरिंगच्या सीलमधून आत ढकलते. शेवटी निचऱ्याच्या भोकांतून पाणी आत सोडतो आणि बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबत नाही. स्वयंचलित कार-वॉशमध्ये खालच्या फवाऱ्याला बरेचदा तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, म्हणून मी तिकडे जात नाही. आमच्याकडे पिण्याचं पाणी विहिरीचं आहे, तेव्हा धुण्याची जागा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला ठेवली आहे. क्लोराइड जमिनीत गाळला जात नाही. एकदा पाण्यात उतरला की तिथेच राहतो.

गाडीच्या रिसीव्हरमधून, म्हणजे मागच्या चौकोनी खाचेतून, हिचचा बॉल (ज्यावर ट्रेलर अडकतो तो गोळा) असलेला तुकडा प्रत्येक वेळी काढून ठेवा. मिठाने तो आत असा धरतो की वसंतात मोठा हातोडाही पुरत नाही.

मार्चअखेर : कॅमेरा पुन्हा आत

मागच्या आठवड्यात सगळ्या नळ्या पुन्हा कॅमेऱ्याने पाहिल्या. मेणाचा थर जागेवर आहे, लगदा कुठेच साचलेला नाही. पुढच्या आडव्या नळीतल्या जुन्या खड्ड्यांत नवा नारिंगी रंग नाही. रूळ साफ. डाव्या मडगार्डच्या बोल्टभोवती पांढरी पूड दिसली. स्टेनलेस बोल्ट आणि जस्त यांची जोडी खाऱ्या पाण्यात जमत नाही, जस्त आधी झिजतं. तिथे गॅल्वनाइज बोल्ट आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घालणार आहे.

राहिलेलं मोठं काम म्हणजे मिलच्या बाजूने चालायची फळी. ती हिरवट प्रक्रिया केलेल्या लाकडाची आहे. त्या प्रक्रियेत तांब्याचे क्षार असतात, ते साध्या लोखंडाला खातात आणि मिठाचं पाणी त्यांना मदत करतं. फळीखालचे ब्रॅकेट काढून मध्ये जाड प्लास्टिकची पट्टी बसवायची आहे. हे मे संपायच्या आत व्हायला हवं. आमच्या भागात कच्चे रस्ते पुष्कळ आहेत आणि उन्हाळ्यात धूळ बसवायला त्यांच्यावर कॅल्शियम क्लोराइडचंच खारं पाणी मारतात, त्यामुळे जुलैतही फ्रेम धुवावी लागते. तुमच्यापैकी कुणाच्या मिलला रबर भरलेला टॉर्शन अ‍ॅक्सल (पाट्यांऐवजी नळीतल्या रबरावर धक्के झेलणारा) असेल आणि त्याच्या नळीच्या टोकांपाशी साचणारं मीठ कसं काढता हे जमलं असेल, तर फोटोसह सांगा. पाट्यांचा हा अ‍ॅक्सल बदलायचा झाला तर निर्णय त्यावरच ठरेल.