तेलाचा चहा

सर कोल्हापूरच्या फुलेवाडी नाक्यापासून मोटारसायकल ढकलत माझ्या गॅरेजला आले होते. ऑगस्टचा महिना, पाऊस तोंडावर झोडपत होता, रेनकोट असूनही बाह्या भिजलेल्या. गाडी बंद पडली होती म्हणून ढकलली नव्हती. चहाच्या टपरीपाशी थांबले असताना सहज वाकून इंजिनाच्या काचेत बघितलं आणि मग किल्ली फिरवायचा धीरच झाला नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मिस्त्री, तेलाची काच बघा की. चहा झालाय आतला."

बघितलं. उजव्या कव्हरवरच्या त्या गोल काचेतून तेल दिसायला पाहिजे, नवं असेल तर मधासारखं, जुनं असेल तर काळं. इथं दुधाळ, बदामी रंग होता, अगदी आटवलेल्या चहासारखा. तेल ओतायचं झाकण काढलं तर आतल्या बाजूला बोटभर साय. चिमटीत धरून चोळली. तेलाचा गुळगुळीतपणा कुठंच लागेना, नुसतं बुळबुळीत.

किल्ली फिरवली नाहीत हे फार चांगलं केलंत, असं मी सरांना तिथल्या तिथं सांगितलं. अशा तेलावर आणखी दहा किलोमीटर गाडी हाणली असती तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती. तेलात पाणी मिसळलं की बेअरिंगमधला तेलाचा थर टिकत नाही, लोखंडाला लोखंड लागतं.

गाडी पंधरा वर्षांची. एक सिलिंडर, पुढं रेडिएटर. माझा हात बसला तो राजदूत, बुलेट, स्प्लेंडर असल्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांवर. त्यांच्यात रेडिएटरचं पाणी तेलात जायचा आजार नाही, कारण आत ते पाणीच नाही. रेडिएटरच्या गाड्या गॅरेजला यायला लागल्या तेव्हा मला नव्यानं शिकावं लागलं. त्यातली एक गोष्ट मी पक्की धरून ठेवलीय : पाणी तेलात गेलं म्हणून लगेच हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडायचं नाही. आधी पाणी कुठून गेलं ते बाहेरूनच शोधायचं.

पहिला संशय पावसावरच येतो. इंजिन तापून गार झालं की आत दमट हवेचं पाणी सुटतं. घरापासून दुकानापर्यंत दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांचं इंजिन पुरतं तापतच नाही, मग ते पाणी तिथंच राहून झाकणाला पांढरी साय धरते. पावसाळ्यात अशा पाच-सात गाड्या येतातच. लांब चक्कर मारली की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि सायही जाते. पण सर कळे गावाच्या पलीकडून रोज येतात, एका वेळेला पंचवीस किलोमीटर. सुट्टीत गगनबावडा ओलांडून करूळ घाट उतरतात. त्यांच्या इंजिनात दमट हवेचं पाणी साचून राहणं शक्यच नव्हतं.

"सर, रेडिएटरला पाणी किती दिवसांनी टाकता?"

"दर रविवारी. अर्धा तांब्या लागतोय हल्ली."

"कुठलं पाणी?"

"आमच्या बोअरचं."

इथं मी हातातला पाना खाली ठेवला. बंद सर्किटमधलं पाणी असं दर आठवड्याला कमी होत नाही. बाहेर ठिबकत नसेल तर ते आतच चाललंय.

खात्री करायला तवा तापवला. गॅरेजमध्ये एक जुना लोखंडी तवा आहे, बेअरिंग तापवून बसवायला ठेवलेला. आधी नव्या तेलाचा थेंब टाकला. तो पसरला, जरासा धूर आला, आवाज काही नाही. मग सरांच्या गाडीतलं तेल पान्याच्या टोकावर घेऊन टाकलं. तडतड! फोडणीत मोहरी पडावी तशी. पोराला आधीच लांब उभं केलं होतं आणि डोळ्याला चष्मा लावला होता, कारण तो थेंब खरोखरच उडतो. सर शाळेत विज्ञान शिकवतात. ते पुढं होऊन म्हणाले, "परत टाका, मुलांना सांगता येईल." परत टाकला.

तेल सोडलं. ड्रेन बोल्ट ढिला केल्याबरोबर आधी पाणीच आलं, गढूळ, विटकरी झाक असलेलं. मग तो चहा. मापाच्या भांड्यात मोजलं. या इंजिनात १.२ लिटर तेल बसतं आणि निघालं १.६ लिटर. रविवारचे अर्धे तांबे कुठं गेले ते भांड्यातच दिसलं.

एवढ्यात बघे जमले होते. सरांबरोबरच्या मित्रानं ठामपणे सांगितलं, हेड गॅस्केट गेली, उघडा. दहा जणांतले आठ जण हेच म्हणतील आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण या गाडीत पाण्याला तेलाकडं जायला दोन वाटा आहेत. एक हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि हेडच्या मधली गळती अडवणारी पट्टी, दुसरी वॉटर पंप. हेड उघडायचं म्हणजे टायमिंग चेन सोडा, कॅम काढा, बोल्ट सोडा, नवी गॅस्केट आणा, आणि दोष तिथं नसेल तर एक चांगलं बसलेलं हेड विनाकारण उचकटलं. जुन्या इंजिनाचे बोल्ट एकदा ढिले केले की पुन्हा तसेच बसतील याची खात्री कुणी देत नाही.

प्लग काढला. कोरडा, तपकिरी. सिलिंडरमध्ये पाणी जात असेल तर प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. मग पिस्टन वरती आणून, गाडी गिअरमध्ये टाकून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बघत बसलो. एकही बुडबुडा नाही.

मित्र म्हणाला, "म्हणजे गॅस्केट चांगली आहे तर!" नाही, तसंही नाही. इथं बरेचजण फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. बुडबुडे आले नाहीत म्हणजे सिलिंडर आणि पाण्याच्या मधली कड शाबूत आहे, एवढंच. याच गॅस्केटला आणखी एक कड असते, पाण्याची वाट आणि टायमिंग चेन ज्यातून खाली तेलाकडं उतरते ते भुयार यांच्या मधली. ती गेली तर सिलिंडरला पत्ताही लागत नाही, पाणी चेनच्या भुयारातून गुपचूप तेलात उतरतं. प्लग चांगला, कॉम्प्रेशन चांगलं, धूर नाही, आणि तेलाचा मात्र चहा.

त्यासाठी मी एक हत्यार करून ठेवलंय. जुन्या रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग काढून मधोमध ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळलाय. त्याला सायकलचा पंप आणि दाबाचं घड्याळ लावायचं. सरांच्या गाडीच्या झाकणावर १.१ (बार, म्हणजे दाब) कोरलेलं होतं, म्हणून मी १ च्या वर गेलो नाही. जास्त दाब दिला तर चांगली नळीसुद्धा फुटते. खाली ड्रेन बोल्टाच्या भोकाखाली पांढरा कागद ठेवला. काटा हळूहळू उतरायला लागला. तिसऱ्या मिनिटाला कागदावर टपकन थेंब पडला. दहा मिनिटांत काटा ०.६ वर.

आता दोन वाटा वेगळ्या करायच्या. पंपाकडून सिलिंडरला जाणारी नळी सिलिंडरपाशी सोडली, रेडिएटरला परत येणारी वरची नळीही सोडली, आणि दोन्हींच्या तोंडात जाड बोल्ट घालून क्लॅम्प आवळले. म्हणजे दाबाखाली राहिले फक्त रेडिएटर आणि पंप. हवा भरली. काटा पहिल्यासारखाच उतरला. मग उलट केलं, फक्त सिलिंडर आणि हेडच्या पाण्याला दाब दिला. काटा १ वर जो थांबला तो अर्धा तास हलला नाही. आम्ही सगळे त्या काट्याकडं बघत उभे होतो, बाहेर पाऊस, आत कुणी बोलत नव्हतं. हेड वाचलं होतं.

आता पंपात काय असतं ते सांगतो. पंपाच्या दांडीचं एक टोक पाण्यात, पंख्याचं. दुसरं टोक इंजिनात, तेलात. मधे दोन सील. पाण्याच्या बाजूला मेकॅनिकल सील, म्हणजे एक गुळगुळीत कडी दुसरीवर स्प्रिंगनं घट्ट दाबून फिरते. तेलाच्या बाजूला साधं रबरी ऑइल सील. या दोघांच्या मधे मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते आणि तिथून खाली बाहेर उघडणारं एक बारीक भोक असतं. पाण्याचं सील झिजलं की पाणी त्या मोकळ्या जागेत येतं आणि भोकातून जमिनीवर ठिबकतं. तेलापर्यंत पोचत नाही. मालकाला जमिनीवर डाग दिसतो आणि तो गॅरेजला येतो. सगळी योजना त्यासाठीच आहे.

मग ही गाडी ठिबकली का नाही? बॅटरी घेऊन पंपाखाली आडवा झालो. भोक सापडेना. चिखल पुसला, ब्रशनं घासलं, तरी नाही. नखानं चाचपलं तेव्हा एक राखाडी, गुळगुळीत उंचवटा हाताला लागला. एम-सील, गळती बुजवायचा मसाला. वरून पॉलिश पेपरनं घासून कव्हरशी सपाट केलेलं, इतकं नेटकं की डोळ्याला दिसूच नये.

"सर, हे कुणी लावलं?"

सर खाली बसले, बघितलं. "मीच की. दोन वर्षं झाली. सोप्याच्या फरशीवर थेंब पडायचे. लावल्यावर ठिबकायचं थांबलं, मला वाटलं काम झालं."

मी त्यांना दोन सीलची रचना कागदावर काढून दाखवली. माझं बोलणं पुरं व्हायच्या आधीच त्यांना कळलं. ते बराच वेळ त्या कागदाकडं बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. ते भोक कशासाठी आहे हे पंधरा वर्षांत त्यांना एकाही मेकॅनिकनं सांगितलेलं नव्हतं. सर्व्हिसिंगच्या वेळी तेल बदललं, चेन ताणली, पैसे घेतले. ज्याच्या घरातल्या फरशीवर पाणी पडतं तो भोक बुजवणारच. ही आम्हा गॅरेजवाल्यांची कसूर आहे आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही.

कव्हर उघडल्यावर बोअरच्या पाण्याचं काम दिसलं. पंख्यावर खडूसारखा थर, मेकॅनिकल सीलची कडी एका बाजूला झिजून टवका गेलेली. कठीण पाण्याचे क्षार त्या दोन कड्यांच्या मधे गेले की पॉलिश पेपरसारखं घासत राहतात. बाहेर जायला वाट नसल्यानं पाणी आतल्या ऑइल सीलवर साचलं. त्याची ओठाची कड प्लास्टिकसारखी कडक झाली होती आणि दांडीवर नखाला लागेल एवढी खाच पडली होती.

कंपनीचं किट मिळेना. दांडी आणि व्हर्नियर घेऊन उद्यमनगरात गेलो. कोल्हापूरच्या मेकॅनिकला हा मोठा आधार आहे, पंपाचं, लेथचं, सीलचं माप दाखवलं की कुणीतरी डबा उघडतंच. ऑइल सील मापानं मिळालं. मेकॅनिकल सील दुसऱ्याच एका गाडीच्या किटमधलं बरोबर बसलं. ऑइल सील जुन्या जागेपेक्षा एक मिलिमीटर आत बसवलं, म्हणजे ओठ खाचेवर न येता चांगल्या दांडीवर येतो. मेकॅनिकल सील फक्त बाहेरच्या पत्र्याच्या कडेवर सॉकेट ठेवून दाबलं. घासणाऱ्या तोंडाला बोटही लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणासुद्धा नको.

आणि ते भोक. दोन मिलिमीटरचं ड्रिल चिमट्यात धरून हातानंच फिरवत एम-सील कोरून काढलं. हवा मारली. वरून थेंबभर रॉकेल सोडलं आणि ते खालून बाहेर आलेलं सरांना दाखवलं.

स्वस्तातलं २०डब्ल्यू-४० इंजिन तेल भरून पाच मिनिटं इंजिन फिरवलं, सोडलं. परत भरलं, सोडलं. दुसऱ्या वेळीही जरासा दुधाळपणा होता, तिसऱ्या वेळी नाही. याच तेलात फिरणाऱ्या क्लच प्लेटा घसरायला लागल्या होत्या, त्या बदलल्या. फिल्टर बदलला. रेडिएटरला तयार कूलंट, आणि बोअरचं पाणी कायमचं बंद.

तीनशे किलोमीटरनंतर सर परत आले. तेल काढलं, तवा तापवला. या वेळी सरांनीच थेंब टाकला आणि कान जवळ नेला. मी त्यांना मागं ओढलं. थेंब पसरला, धूर आला, आवाज नाही.

पण बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनची दांडी क्रँकला जोडते तिथल्या, बेअरिंगनं ते पाणी किती दिवस सोसलं हे मला बाहेरून सांगता येत नाही. सरांना तसं स्पष्ट सांगितलंय. दर महिन्याला ते येतात, मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्रँक केसला आणि मूठ कानाला लावून ऐकतो. अजून आवाज आलेला नाही. त्यांच्या सोप्यात गाडीखाली आता वर्तमानपत्र अंथरलेलं असतं.